चोवीसशे माणसांचं गाव ठाण्याहून मोठं कसं?

मागच्या अंकात स्वित्झर्लंडच्या लाउटरब्रुनेन या गावाची छोटी चौकट छापली होती. बर्न राज्य, क्षेत्रफळ सुमारे १६४ चौ. किमी, लोकसंख्या चोवीसशेच्या आसपास, इतकाच मजकूर. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत.

प्रश्न : ठाणे महापालिकेचं क्षेत्र १२८ चौ. किमी आहे असं वाचलं आहे. मग चोवीसशे माणसांच्या गावाचं १६४ कसं असेल? दशांश चिन्ह सुटलं असणार. फोटोत तर एक रस्ता, एक चर्च आणि मागे धबधबा एवढंच दिसतं. (एक वाचक, नौपाडा)

उत्तर : आकडा बरोबर आहे. घोळ 'गाव' या शब्दाचा आहे. फोटोत दिसतं ते लाउटरब्रुनेन नावाचं गावठाण. चौकटीतला आकडा मात्र त्याच नावाच्या 'गेमाइंडे'चा, म्हणजे तिथल्या सर्वांत खालच्या स्वराज्य संस्थेचा आहे. आपल्याकडची ग्रुप ग्रामपंचायत डोळ्यांसमोर आणा. नाव एका गावाचं, कारभार पाच-सहा गावांचा आणि त्यांच्या वाड्यांचा. या गेमाइंडेत दरीच्या तळाला लाउटरब्रुनेन आणि श्टेखेलबर्ग, पूर्वेच्या कड्यावर वेंगेन (१,२७४ मी.), पश्चिमेच्या कड्यावर म्युरेन (सुमारे १,६४० मी.), त्याच्या खालच्या अंगाला गिमेलवाल्ड, आणि उत्तरेला ईझेनफ्लू अशी गावं येतात. म्युरेनचा माणूस अंगणात उभा राहतो तो जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या उंचीवर.

गेमाइंडेची हद्द दरीच्या तळापासून थेट युंगफ्राउ शिखरापर्यंत, म्हणजे ४,१५८ मीटरपर्यंत चढते. क्षेत्रफळाच्या निम्म्याच्या आसपास जमीन निव्वळ खडक, घसारा आणि बर्फ आहे. स्विस सांख्यिकी तिला 'अनुत्पादक' म्हणते. उरलेल्यात कुरणं आणि जंगल. घरं, रस्ते, रेल्वे मिळून लागणारी जमीन अगदी थोडी.

म्हणून सरासरी घनता काढताना सावध राहावं. चोवीसशे भागिले १६४ केलं की चौरस किलोमीटरला १४-१५ माणसं येतात. ठाणे महापालिकेची २०११ची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार. तिला १२८ने भागलं की चौदा हजारांवर जाते, म्हणजे जवळपास हजारपट. भागाकारात चूक नाही, पण दोन्हीकडे तो फसवतो. तिकडे हिमनदीवर कुणी राहत नाही, आणि इकडे येऊरच्या जंगलात नौपाड्यासारखी दाटी नाही.

'ठाणे' म्हणताना आपणही हाच गोंधळ घालतो. शहर, तालुका, महापालिका आणि जिल्हा ही चार वेगवेगळी क्षेत्रं आहेत. २०११च्या जनगणनेतला एक कोटी दहा लाखांचा ठाणे जिल्हा तर पालघरसकटचा आहे. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी.

प्रश्न : अकरावीच्या भूगोल प्रकल्पासाठी मी लाउटरब्रुनेनच घेतलं आहे. तीन ठिकाणी लोकसंख्येचे तीन आकडे मिळाले. कोणता लिहू? जनगणना दर दहा वर्षांनी असताना दरवर्षीचे आकडे येतात कुठून? (एक विद्यार्थिनी, ऐरोली)

उत्तर : तिन्ही खरे असू शकतात. आधी प्रत्येक आकड्याशेजारी तारीख आहे का ते पाहा. तारीख नसलेला आकडा वहीत घेऊच नका.

स्वित्झर्लंडची पहिली संघराज्य जनगणना १८५०ची. पुढे १८६०पासून दर दहा वर्षांनी. यात दोन अपवाद आहेत आणि तक्ता करताना मुलं हमखास तिथे अडकतात. १८९०ची जनगणना १८८८ मध्ये झाली आणि १९४०ची १९४१ मध्ये. तुमच्या आलेखात आडव्या अक्षावर सगळे टप्पे सारख्या अंतरावर टाकलेत, तर या दोन ठिकाणी रेषेचा चढ-उतार खोटा दिसेल. घरोघर अर्ज भरून घेतलेली शेवटची जनगणना २०००ची. २०१०पासून गावच्या रहिवासी नोंदवह्या जोडून दरवर्षी ३१ डिसेंबरची संख्या काढतात. आपल्याकडे २०२१ची जनगणना झाली नाही म्हणून आपण अजून २०११वर बसलो आहोत. तिकडचे ताजे आकडे आपल्या जुन्या आकड्यांशेजारी मांडलेत तर मथळ्यात दोन्ही वर्षं ठळक लिहा.

दुसरी गोष्ट, मोजलं कुणाला? अधिकृत आकडा 'कायम रहिवाशांचा' असतो. ज्याचं मुख्य घर तिथे आहे असा स्विस नागरिक, आणि निदान बारा महिन्यांचा परवाना किंवा बारा महिन्यांचं वास्तव्य असलेला परदेशी माणूस, हे त्यात येतात. हिवाळ्यात चार महिने हॉटेलात भांडी घासायला किंवा बर्फावरच्या लिफ्ट चालवायला आलेला कामगार यात येत नाही. बासेल किंवा झ्युरिकमध्ये राहून इथे सुट्टीपुरतं घर ठेवणाराही येत नाही. त्यामुळे जानेवारीत, वेंगेनला लाउबरहॉर्नची स्की शर्यत असते त्या आठवड्यात, दरीत दिसणारी माणसं आणि नोंदवहीतली माणसं यांचा मेळ बसणार नाही. हॉटेलांच्या 'मुक्कामी रात्री' वेगळ्या मोजतात. एक पाहुणा तीन रात्री राहिला की तीन. त्या रकान्याला लोकसंख्या समजून काही लाखांचं गाव करू नका.

तिसरी गोष्ट हद्द. ईझेनफ्लू १ जानेवारी १९७३ रोजी लाउटरब्रुनेनमध्ये विलीन झालं, त्याआधी ती स्वतंत्र गेमाइंडे होती. म्हणजे १९७०चा आकडा ईझेनफ्लू वगळून असू शकतो किंवा आजच्या हद्दीप्रमाणे जुळवून घेतलेला असू शकतो. तक्त्याच्या तळटीपेत हे लिहिलेलं असतं. ओळख पटवायला स्विस सांख्यिकी कार्यालयाचा गेमाइंडे क्रमांक वापरा. लाउटरब्रुनेनचा ५८४, शेजारच्या ग्रिंडेलवाल्डचा ५७६, इंटरलाकेनचा ५८१. जुन्या ईझेनफ्लूचा ५८३ आता चालू यादीत नाही. पिनकोडवर विसंबू नका. टपाल खात्याच्या हद्दी वेगळ्या आहेत, वेंगेनला ३८२३ आणि म्युरेनला ३८२५. म्हणून कुठे नुसत्या ३८२२ची लोकसंख्या दिसली तर ती संपूर्ण गेमाइंडेची नाही.

प्रश्न : त्या दरीत ७२ धबधबे आहेत म्हणतात. पावसाळ्यात माळशेजला त्याहून जास्त दिसतील. मग त्यांचं एवढं कौतुक का? (एक वाचक, कोपरी)

उत्तर : मोजायला बसलात तर माळशेज जिंकेलही. पण दोन्हीकडचं पाणी आणि दगड निराळे आहेत.

माळशेजचा कडा बेसाल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. म्हणून पाणी पायऱ्या-पायऱ्यांनी मुरबाडच्या बाजूला उतरतं. लाउटरब्रुनेनचे कडे चुनखडीचे आहेत आणि दरी कोरली ती हिमनदीने. नदीने कोरलेली दरी इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. हिमनदी तळ आणि दोन्ही बाजू एकदमच खरवडत जाते, म्हणून ही दरी यू अक्षरासारखी झाली, सपाट तळ आणि दोन्हीकडे उभ्या भिंती. बाजूने येणाऱ्या छोट्या हिमनद्यांना तेवढं खोल खणता आलं नाही. बर्फ वितळून गेल्यावर त्यांच्या दऱ्या वरच लटकत राहिल्या. वर्गात 'लोंबती दरी' म्हणून शिकवतात ती हीच. तिच्या तोंडातून ओढा थेट हवेत पडतो. श्टाउबबाख सुमारे ३०० मीटर असा पडतो आणि अर्ध्या वाटेतच त्याचे तुषार होतात. श्टाउब म्हणजे धूळ, बाख म्हणजे ओढा, नाव अगदी चपखल. जर्मन कवी गटे याने १७७९ मध्ये तो पाहिला आणि त्यावर कविता केली. तेव्हापासून प्रवाशांची रीघ सुरू झाली ती थांबलेली नाही.

पाण्याचं वेळापत्रकही उलटं आहे. आपले धबधबे जूनमध्ये जागे होतात आणि दिवाळीपर्यंत आटतात. तिथे जोर असतो वसंताच्या शेवटी आणि उन्हाळ्यात, वरचा बर्फ वितळतो तेव्हा. हिवाळ्यात श्टाउबबाखची बारीक धार उरते, कडेला बर्फाचे सुळे लोंबतात. डिसेंबरचं तिकीट काढून धबधबे बघायला जाणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे.

एक मात्र माळशेजला नाही, ट्र्युमेलबाख. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांत कोसळतं. भर उन्हाळ्यात सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. बरोबर वर्षाला सुमारे वीस हजार टन गाळ-दगड येतो, आणि तोच दगड कानशीसारखा खडक घासत राहतो. आत बोगद्यातल्या लिफ्टने जातात. हिवाळ्यात ते बंद असतं. आत सतत तुषार आणि गारठा, म्हणून बाहेर कितीही ऊन असलं तरी रेनकोट घ्यावा. चपला चालत नाहीत, बूट हवेत.

हे सगळं पाणी पांढऱ्या ल्युत्शिने नदीत येतं. ती त्स्वायल्युत्शिनेन इथे काळ्या ल्युत्शिनेला मिळते, पुढे ब्रिएन्झ सरोवर, मग आरे, मग ऱ्हाइन आणि शेवटी उत्तर समुद्र. पुराचा धोका तिथेही आहे. २६ जुलै २००५ ठाणेकर विसरणार नाहीत. त्यानंतर महिना व्हायच्या आत, ऑगस्ट २००५ मध्ये, उत्तर आल्प्समध्ये महापूर आला आणि ल्युत्शिनेनेही पात्र सोडलं.

प्रश्न : सहलीत आम्ही इंटरलाकेनला राहून लाउटरब्रुनेनहून युंगफ्राउयोखला गेलो. हे 'टॉप ऑफ युरोप' लाउटरब्रुनेनमध्येच येतं ना? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : नाही. राज्यसुद्धा बदलतं. युंगफ्राउयोखचं ३,४५४ मीटरवरचं स्टेशन वालिस राज्याच्या फीशरटाल या गेमाइंडेत मोडतं. हद्द शिखरांच्या धारेवरून जाते आणि बोगदा ती जमिनीखालून ओलांडतो, म्हणून गाडीत बसलेल्याला कळत नाही. या रेल्वेचं काम १८९६ला सुरू झालं आणि १ ऑगस्ट १९१२ला संपलं. शेवटचे सात किलोमीटर जवळजवळ पूर्ण बोगद्यातच आहेत.

तुम्ही राहिलात ते इंटरलाकेन वेगळीच गेमाइंडे. १८९१पर्यंत तिचं नाव आरम्युले होतं. जुन्या कागदात इंटरलाकेन शोधायला गेलात तर गाव कमी आणि मठ जास्त सापडेल.

प्रश्न : एवढ्या आडदरीत माणसं राहायला आली कधी आणि का? (एक वाचक, कळवा)

उत्तर : लेखी उल्लेख १२४०चा, लॅटिनमध्ये 'इन क्लारो फोन्ते', म्हणजे स्वच्छ झऱ्यापाशी. लाउटर म्हणजे निर्मळ, ब्रुनेन म्हणजे झरा. आजच्या जर्मनमध्ये 'लाउटर'चा 'नुसते, निव्वळ' असाही अर्थ होतो, म्हणून 'नुसते झरेच झरे' अशी फोड पुष्कळ ठिकाणी छापलेली दिसते. फोड सुरेख आहे, पण लॅटिन कागद पहिल्या अर्थाच्या बाजूने आहे.

वरच्या गावांची गोष्ट निराळी. म्युरेन, गिमेलवाल्ड हा भाग वसवला तो दक्षिणेच्या ल्योचेंटाल दरीतून, बर्फाचा कडा ओलांडून आलेल्या वाल्सर लोकांनी, चौदाव्या शतकाच्या आगेमागे. खालची जमीन इतरांकडे होती आणि उंचावर गुरं राखून जगण्याची विद्या या लोकांच्या हातात होती. चारा हेच त्यांचं चलन. त्या काळापासून आल्प्समध्ये डोंगरावरची कुरणं बहुतेक सामाईक राहिली आणि 'एका गायीचा हक्क' हे त्यांचं माप झालं. आपल्या गायरानावर जो घोळ होतो, प्रत्येकाने आणखी एक जनावर सोडायचं आणि सगळ्यांचंच गवत संपायचं, त्यावर वालिसमधल्या ट्योर्बेल गावाने १५१७ मध्ये नियम लिहून ठेवला. हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गायी पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात वर न्यायच्या. बाहेरून गुरं विकत आणून कुरणावर सोडायची सोयच राहिली नाही.

दरीवर मोठी सत्ता इंटरलाकेनच्या ऑगस्टिनियन मठाची होती. १५२८ मध्ये बर्नने धर्मसुधारणा स्वीकारली, मठ बंद केला, जमिनी ताब्यात घेतल्या. ओबरलांडच्या, म्हणजे बर्न राज्याच्या या डोंगराळ भागातल्या, शेतकऱ्यांनी उठाव केला, तो बर्नने मोडून काढला. १७९८ ते १८०३ एवढाच काळ ओबरलांड हे वेगळं राज्य होतं, राजधानी थून. मग पुन्हा बर्न.

रेल्वेच्या बाबतीत ठाणेकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ची, लाउटरब्रुनेनला पहिली गाडी पोचली १८९० मध्ये. पुढच्याच वर्षी म्युरेनची, १८९३ला वेंगेनवरून जाणारी. त्याआधी वर काहीही न्यायचं तर माणसाची पाठ किंवा खेचराची.

प्रश्न : आमचं गाव नवी मुंबईत गेलं. ग्रामपंचायत संपली, गावठाण उरलं. स्वित्झर्लंडमध्ये गावं विलीन करताना लोकांना विचारतात का? (एक ग्रामस्थ, घणसोली)

उत्तर : साधारणपणे हो, आणि नुसतं विचारत नाहीत, मत घेतात. प्रत्येक गेमाइंडेत वेगळं मतदान होतं. एका गावाने नकार दिला तर ठरलेली योजना बहुधा तिथेच अडते किंवा त्या गावाला वगळून पुन्हा आखावी लागते. राज्य सरकार विलीनीकरणाला पैसे देऊन प्रोत्साहन देतं. जबरदस्तीही कधीमधी झाली आहे, पण विरळा.

मत देण्याची जागा म्हणजे गेमाइंडेची सभा, आपल्या ग्रामसभेची सख्खी बहीण. फरक अधिकारात आहे. तिथे अंदाजपत्रक आणि कराचा दर सभा ठरवते. बर्न राज्यात उत्पन्नावरचा मूळ कर राज्याच्या कायद्याने निघतो आणि त्याला कितीने गुणायचं हे गाव स्वतः ठरवतं. गुणक वाढवला की स्वतःच्याच खिशातून जातं, म्हणून नव्या समाजमंदिराला हात वर करताना लोक दोनदा विचार करतात. मतदानाचा हक्क अठरा वर्षांवरच्या स्विस नागरिकांना, गावात तीन महिने राहिल्यावर. स्त्रियांना देशपातळीवर हा हक्क मिळाला १९७१ मध्ये. या बाबतीत आपण बरेच पुढे होतो.

१८५०च्या सुमारास तिथे बत्तीसशेच्या आसपास गेमाइंडे होत्या. २०२५च्या सुरुवातीला २,१२१ उरल्या. कारण मुख्यतः माणसांची टंचाई. पंच, सरपंच बहुधा आपापली नोकरी सांभाळून काम करतात आणि छोट्या गावात उमेदवारच मिळेनात. तिचीनो राज्यातलं कोरिपो ही लोकसंख्येने देशातली सर्वांत लहान गेमाइंडे होती, डझनभर रहिवासी. ऑक्टोबर २०२०मध्ये ते वेर्झास्का या नव्या गेमाइंडेत मिसळलं. ग्लारुस राज्याची कथा तर ऐकण्यासारखी आहे. २००६ मध्ये उघड्या मैदानावर भरणाऱ्या नागरिकांच्या सभेपुढे सरकारने २५ गावांच्या १० करण्याचा प्रस्ताव आणला. गर्दीतल्या एका नागरिकाने तीनच करा अशी सूचना मांडली आणि सभेने तीच उचलली. १ जानेवारी २०११पासून तिथे तीन गेमाइंडे आहेत.

जमिनीचा प्रश्न मात्र तुमच्याहून वेगळा आहे. तुमच्याकडे सिडकोसाठी १९७०नंतर संपादन झालं आणि हद्द नंतर बदलली. तिथे विलीनीकरणाने खाजगी शेत किंवा सामाईक कुरणाची मालकी बदलत नाही. कुरणाची संस्था गेमाइंडेपासून वेगळी असते आणि तशीच चालू राहते.

एका बाबतीत त्यांची दुखरी नस घणसोलीकरांना ओळखू येईल, बाहेरच्यांची बंद घरं. ११ मार्च २०१२ला देशभर मत घेऊन ठरलं की गेमाइंडेतली वीस टक्क्यांहून जास्त घरं सुट्टीपुरती असतील तर तशी नवी बांधता येणार नाहीत. कायदा १ जानेवारी २०१६पासून लागू आहे. वेंगेन-म्युरेनला त्याचा थेट फटका. बांधकाम व्यावसायिक रडले, पण तिथे जन्मलेल्या तरुण जोडप्याला घर मिळावं हा हेतू होता. जुन्या घरांना मोठी सूट ठेवल्याने तो कितपत साधला यावर वाद आहे, आणि आमच्या मते तो वाद रास्त आहे.

प्रश्न : आमच्या कंपनीत आलेल्या स्विस पाहुण्याच्या पासपोर्टवर लाउटरब्रुनेन लिहिलंय. तो म्हणतो मी तिथे कधी राहिलोच नाही. अर्जात जन्मस्थान काय लिहायचं? (एक वाचक, वागळे इस्टेट)

उत्तर : पासपोर्टवरचं गाव जन्मस्थान म्हणून लिहू नका, अर्ज परत येईल. स्विस पासपोर्टवर जन्मगाव नसतं, 'हाइमाटोर्ट' असतं. अगदी आपलं मूळ गाव. पणजोबा जिथले नागरिक होते ते नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं. चिपळूणकर डोंबिवलीत जन्मतात तसंच. फॉन आल्मेन हे लाउटरब्रुनेनचं जुनं आडनाव, ती मंडळी आज देशभर आहेत आणि कागदावर सगळी लाउटरब्रुनेनची.

पूर्वी याला वजन होतं. माणूस कंगाल झाला तर त्याला पोसायची जबाबदारी राहत्या गावाची नसून मूळ गावाची असे. लग्नाने बायकोचं मूळ गाव बदलायचं, ते २०१३पासून बंद झालं. लोकसंख्येच्या आकड्याशी हाइमाटोर्टचा संबंध नाही. जन्मस्थानासाठी पाहुण्याकडून जन्मदाखला मागवा. अर्जात जन्मगाव आणि देश एवढंच भरा.

प्रश्न : वेंगेनला भाड्याची गाडी घेऊन जाता येते का? (एक वाचक, वाशी)

उत्तर : नाही. वेंगेन आणि म्युरेन दोन्ही मोटारमुक्त आहेत. गाडी लाउटरब्रुनेन स्टेशनाजवळच्या बहुमजली वाहनतळात ठेवायची. वेंगेनला दातेरी रुळांच्या रेल्वेने. म्युरेनला आधी केबलने ग्र्युचाल्पपर्यंत, मग छोट्या गाडीने. जुन्या मार्गदर्शिकेत या केबलच्या जागी दोरावर ओढली जाणारी रेल्वे लिहिलेली सापडेल, ती २००६ला काढून टाकली. मोठ्या बॅगा खालीच ठेवून एका रात्रीपुरतं सामान वर न्या, गाडी बदलताना हाताशी वेळ फार नसतो.